टिपऱ्यांचे आबा, तात्या विंचू आणि बापू

54व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता म्हणून नाव एकच होतं, चित्रपट मात्र दोन होते. एक राजकुमार हिरानींचा 'लगे रहो मुन्नाभाई', दुसरा रामगोपाल वर्मांचा 'शिवा'. दोन्ही 2006 सालचे. पहिल्यात दिलीप प्रभावळकर महात्मा गांधी होते. दुसऱ्याचं जग पोलीस, गुंड आणि त्यांना पोसणारी सत्ता यांचं. एकाच वर्षी एकाच नटाने या दोन टोकांवर उभं राहावं, याचं हिंदी प्रेक्षकाला कौतुकमिश्रित आश्चर्य वाटलं. हा वयस्क नट इतकी वर्षं होता कुठे, असंही अनेकांनी विचारलं.

मराठी घरांत हा प्रश्न कुणाला पडला नाही. 4 ऑगस्ट 1944 रोजी जन्मलेले प्रभावळकर तेव्हा 62 वर्षांचे होते आणि त्यांच्या पाठीशी बालनाट्य, प्रायोगिक रंगभूमी, व्यावसायिक नाटक, दूरदर्शन, मराठी चित्रपट, वृत्तपत्रांतलं विनोदी लेखन असा मोठा पसारा होता. तरीही त्या घरांतही एक गंमत होतीच. आजीला ते चिमणराव म्हणून माहीत होते, आईला 'चौकट राजा'तला नंदू म्हणून, मुलाला टिपरे आबा म्हणून. आणि ज्या बाहुल्याच्या भीतीने तो मुलगा रात्री पांघरुणाबाहेर पाय काढत नव्हता, त्या बाहुल्याचा आवाजही याच माणसाचा, हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं.

नायकाची कारकीर्द मोजायला सोपी असते. किती चित्रपट चालले, किती पडले, कोणत्या साली शिखर, कोणत्या साली उतरण. चरित्र अभिनेत्याला हा हिशेब लागू पडत नाही. त्याला फार तर दहा-बारा प्रसंग मिळतात, आणि तेवढ्यात त्या माणसाचं गाव, वय, पोटापाण्याचा धंदा आणि त्याला कशाची लाज वाटते हे सगळं दिसावं लागतं. प्रभावळकरांनी हे काम पन्नासहून अधिक वर्षं केलं आणि एकही माणूस दुसऱ्यासारखा होऊ दिला नाही. हे कसं साधलं असेल, याचं उत्तर त्यांच्या भूमिकांच्या क्रमातच बरंचसं सापडतं.

सुरुवात चेटकिणीपासून. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात त्यांनी चिंची चेटकीण केली. बालनाट्याला आपल्याकडे उगाच दुय्यम समजतात. नटाची खरी परीक्षा तिथे होते, कारण मुलं शिष्टाचार पाळत नाहीत. कंटाळा आला की ती बोलू लागतात, भीती वाटली की रडतात, आणि नट खोटं वागला तर त्यांना ते त्याच क्षणी कळतं. चेटकीण घाबरवणारी हवी, पण मुलाने आईचा हात धरून नाट्यगृहाबाहेर पळावं इतकी नको. भीती आणि हसू यांच्यामधली ती रेघ आवाजाने सांभाळायची असते. पुढे अनेक वर्षांनी 'झपाटलेला' लोकांनी पाहिला, तेव्हा तात्या विंचूने घाबरवत घाबरवत हसवलं. ती रीत या चेटकिणीच्या काळातली आहे, असं मला ठामपणे वाटतं. 2018 मध्ये हे नाटक नव्या संचात आलं. तेव्हा चिंची केली वैभव मांगले यांनी, आणि मूळ चिंची पाहिलेले आईबाप आपल्या मुलांना घेऊन गेले.

मतकरींच्याच 'आरण्यक'मध्ये प्रभावळकर विदुर होते. युद्ध संपलंय, राज्य मिळवणारे आणि गमावणारे दोघंही थकलेत, आणि धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर वनाकडे निघालेत. तिशीतल्या नटाने हा विदुर करायचा म्हणजे केसांना पांढरा रंग लावून भागत नाही. चिंची आणि विदुर ही दोन कामं शेजारी ठेवून पाहावीत. एकात हातवारे, किंचाळणं, लांब नाक. दुसऱ्यात जवळजवळ हालचालच नाही, नुसतं शब्दांचं वजन. एका नटाला सुरुवातीच्याच काळात ही दोन्ही टोकं मिळाली, आणि ती देणारा नाटककार एकच होता, हे त्याचं मोठं भाग्य.

या काळात पोटापाण्यासाठी नोकरी होती. शिक्षण विज्ञानाचं, नोकरी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात, आणि संध्याकाळी तालीम. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी नटांनी हेच केलं. बँक, महापालिका, रेल्वे, आयुर्विमा महामंडळ यांच्या कचेऱ्यांनी मराठी रंगभूमी पोसली असं म्हटलं तरी चालेल. त्यात ओढाताण होती, रजांची मारामार होती, शनिवार-रविवारच्या दौऱ्यानंतर सोमवारी सकाळी मस्टरवर सही करायची होती. पण दरमहा पगार येतो म्हणून नटाला नकार देता येत होता. एका भूमिकेचं नाव झालं की तसल्याच दहा भूमिका दारात उभ्या राहतात. भाडं भरायचं असेल तर त्या घ्याव्याच लागतात आणि मग नटाचा साचा पक्का होतो. प्रभावळकरांचा साचा झाला नाही, याचं श्रेय प्रतिभेइतकंच त्या पगाराला द्यायला हवं.

साचा होण्याची भीती सगळ्यात मोठी होती ती चिमणरावाच्या वेळी. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. सत्तरचं दशक संपता संपता त्यावर चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका आली. चिं. वि. हे बडोद्यात राहिलेले पालीचे पंडित, आणि त्यांनी निर्माण केलेला हा भित्रा, सरळ, संसारात गुरफटलेला मध्यमवर्गीय गृहस्थ मराठी वाचकांना घरच्यासारखा झालेला. बोलपटांच्या जमान्यात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर गाजवली होती. म्हणजे नव्या नटाला आधीच्या दोन चिमणरावांशी झगडायचं होतं. एक पुस्तकातला, आणि एक जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीतला.

दूरदर्शनचा संच तेव्हा कृष्णधवल होता, चाळीत एखाद्याच घरी असायचा आणि बाकीचे बिऱ्हाडकरू त्याच्यासमोर सतरंजीवर बसायचे. चित्रीकरण स्टुडिओत व्हायचं, संकलनाच्या सोयी तुटपुंज्या, म्हणून प्रसंग नाटकासारखा सलग बसवावा लागायचा. पण कॅमेरा चेहऱ्याजवळ असल्यामुळे नाटकासारखा मोठा अभिनय चालत नव्हता. रंगमंचावरून आलेल्या नटांना हे लहान करणं जड जायचं. प्रभावळकरांचा चिमणराव पाहताना वाटतं, की त्यांनी आवाज कमी केला आणि डोळे वाढवले. गुंड्याभाऊच्या, म्हणजे बाळ कर्वे यांच्या, दणकट शरीराशेजारी हा किडकिडीत माणूस उभा राहायचा, काही बोलण्याआधी किंचित थबकायचा, आणि त्या थबकण्यातच कळायचं की आता हा घोटाळा करणार. विनोद वाक्यात होताच. पण चिमणरावाला स्वतःला तो विनोद वाटत नव्हता, त्याच्यासाठी ते संकट होतं. विनोदी भूमिका इतक्या गांभीर्याने करणारा नट पुढे गंभीर भूमिका करू शकेल, हे ओळखायला त्या वेळी एखाद्याच दिग्दर्शकाकडे नजर असावी.

लोक त्यांना रस्त्यात चिमणराव म्हणूनच हाक मारू लागले. दूरदर्शनवर एकच वाहिनी असण्याच्या काळात मिळालेली ओळख आज कळणार नाही इतकी घट्ट असे. काही नट अशा एका ओळखीवर जन्म काढतात. प्रभावळकर 1982 साली 'एक डाव भुताचा'मध्ये दिसले. द. मा. मिरासदारांचं लेखन, भूत अशोक सराफ, आणि भुताच्या सल्ल्यावर चालणारा साधा मास्तर प्रभावळकर. चिमणरावाचा चुलतभाऊ शोभेल असा हा मास्तर. इथवर पाहून कुणीही म्हणालं असतं, की या नटाची वाट आता ठरली. भाबडा, गोंधळलेला, सज्जन मध्यमवर्गीय.

मग नव्वदीच्या आसपासची वर्षं आली. या नटाची खरी उंची त्या वर्षांत दिसते, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

जयवंत दळवींचं 'नातीगोती' हे नाटक मतिमंद मुलाच्या आईवडिलांचं आहे. मुलगा वाढतोय, शरीराने पुरुष होतोय, आणि आईबाप थकत चाललेत. आपल्यानंतर याचं काय, हा प्रश्न त्या घरात सतत जागा. प्रभावळकर वडील होते, स्वाती चिटणीस आई, आणि मुलगा बच्चू केला होता अतुल परचुरे यांनी. या नाटकातला बाप दिवसभर काळजी घेऊन घेऊन चिडचिडा झालेला आहे. तो मुलावर प्रेम करतो आणि त्याच मुलाला कंटाळतोही. मराठी रंगभूमीवर बापाचा कंटाळा इतक्या प्रामाणिकपणे फार थोड्या वेळा आला. प्रेक्षकांत अशी मुलं असलेले आईबाप बसलेले असत. त्यांच्यासमोर खोटं एक वाक्यही चाललं नसतं.

1991 मध्ये संजय सूरकरांचा 'चौकट राजा' आला. निर्मिती स्मिता तळवलकरांची. त्यात प्रभावळकर बापाच्या जागी नव्हते. आता ते स्वतः तो मुलगा होते. लहानपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ थांबलेला, पण वयाने मोठा झालेला नंदू. आई सुलभा देशपांडे, आणि वस्तीतला आधार अशोक सराफ. नट तेव्हा 47 वर्षांचा. एका कामात रोज त्या मुलाकडे बापाच्या नजरेने पाहिलं, आणि त्याच सुमारास दुसऱ्या कामात त्या मुलाच्या आत शिरून जगाकडे पाहिलं. असा योग नटाच्या आयुष्यात क्वचित येतो.

नंदू पुन्हा बघताना हातांकडे लक्ष द्यावं. बोटं काय करताहेत, मान कुठल्या बाजूला कलते, आनंद झाला की तो अंगात कुठून सुरू होतो. हे सगळं पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत सुटत नाही. नाटकवाल्यांच्या भाषेत याला बेअरिंग म्हणतात. रंगमंचावर ते अडीच तास सांभाळायचं असतं आणि प्रसंग ओळीने येतात. चित्रपटात शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी चित्रित होतो, मधे आठ दिवसांची सुट्टी जाते, दिवे लावायला दोन तास लागतात, आणि 'ॲक्शन' म्हटल्याबरोबर तीच मान त्याच कोनात जावी लागते. अशा भूमिकेत दयेची भीक मागणं फार सोपं आहे. ओठ लोंबवले, डोळे भरले, की प्रेक्षक रुमाल काढतो. प्रभावळकरांनी नंदूला आधी आनंदी माणूस केलं. त्याला आवडीनिवडी दिल्या, हट्ट दिले, राग दिला. त्याचं दुःख आपल्याला कळतं, त्याला पूर्ण कळत नाही, आणि रडू येतं ते या फरकामुळे. आपल्याकडे पुढे अशा भूमिका बऱ्याच झाल्या. माझ्या मते नंदूइतका संयम त्यांत फारसा दिसला नाही.

आणि हे चालू असतानाच 'हसवाफसवी'. लेखन स्वतःचं, आणि भूमिका सहा. एकाच नटाने एका संध्याकाळी सहा माणसं उभी करायची. त्यांतले कृष्णराव हेरंबकर हे संगीत नाटकाच्या जमान्यातले वृद्ध गायकनट आजही लोकांच्या ओठांवर आहेत. असं नाटक विंगेत घडतं. बाहेर सहकलाकार प्रसंग लांबवत असतात आणि आत रंगभूषाकार, वेशभूषेचा माणूस आणि नट यांची झटापट चाललेली. दाढी काढा, टोप चढवा, धोतराच्या जागी पँट, घाम पुसा, गम सुकतोय का बघा. या धांदलीत सगळ्यात अवघड असतं ते आवाज बदलणं. कपडे दुसरा माणूस बदलून देतो. श्वासाची लय मात्र नटालाच बदलावी लागते, आणि तीही पुढच्या प्रवेशाचा इशारा मिळायच्या आत. म्हाताऱ्याचा श्वास तोकडा, तरुणाचा बेफिकीर. हेरंबकरांच्या बोलण्यात मधेच एखादा सूर डोकावतो आणि त्या एका सुरात अख्खी गेलेली नाटक कंपनी ऐकू येते. हशा पडतो, पण त्या हशाच्या खाली कुणीतरी गलबललेलं असतं.

प्रभावळकर लेखक आहेत, हे इथे पुढे आणायला हवं, कारण त्यांच्या अभिनयाचं मूळ मला तिथे दिसतं. 'गुगली', 'कागदी बाण', 'हसगत' ही विनोदी लेखनाची पुस्तकं, मुलांसाठी 'बोक्या सातबंडे', आणि आपल्या भूमिकांच्या प्रवासावरचं 'एका खेळियाने'. विनोदी लेखकाला माणसांच्या लकबी टिपायची सवय असते. कोण कोणता शब्द दोनदा म्हणतो, कोण खोटं बोलताना चष्मा पुसतो. नट ती लकब अंगावर चढवतो, पण लेखक आधी विचारतो की ही लकब आली कुठून. प्रभावळकरांच्या भूमिकांत लकब कधी चिकटवल्यासारखी वाटत नाही. तिच्यामागे त्या माणसाचा एक पूर्वेतिहास असतो, पडद्यावर न आलेला.

1993 चा 'झपाटलेला' हे आणखी वेगळं काम. महेश कोठारेंच्या या चित्रपटात तात्या विंचू नावाचा गुंड पोलिसांच्या गोळीने मरतो आणि त्याचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो. प्रभावळकर माणसाच्या रूपात सुरुवातीला दिसतात. पुढचा सगळा चित्रपट बाहुल्याचा, म्हणजे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या कसबाचा, आणि प्रभावळकरांच्या आवाजाचा. नटाकडून चेहरा काढून घेतला, हात काढून घेतले, शरीर काढून घेतलं. उरला घसा. त्या चिरक्या, खुनशी आवाजाने लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारख्या प्रचंड लोकप्रिय नटासमोर बरोबरीने उभं राहून चित्रपट तोलला. दोन पिढ्या उलटल्या तरी मुलं त्या आवाजाची नक्कल करतात. डबिंगच्या खोलीत माईकसमोर उभं राहून केलेल्या कामाला आपल्याकडे अभिनय म्हणायची पद्धत नाही. ती पडायला हवी. 2013 मध्ये 'झपाटलेला 2' आला तेव्हाही बाहुल्याला हाच आवाज लागला.

मधल्या काळात अरुण खोपकरांचा 'कथा दोन गणपतरावांची' झाला. गोगोलच्या कथेवरून घेतलेला, दोन जिवलग मित्रांच्या क्षुल्लक भांडणाचा. समोर मोहन आगाशे. दोन बुद्धिमान नट एकमेकांना जागा देत, एकमेकांचं वाक्य पुरतं ऐकून घेत कसे खेळतात, हे अभिनय शिकणाऱ्या कुणीही पाहावं. मग 2002 मध्ये अजय फणसेकरांच्या 'एन्काउंटर : द किलिंग'मध्ये समोर नसीरुद्दीन शाह, आणि प्रभावळकर टोळीप्रमुख पुनाप्पा. चिमणरावाची आठवण काढायलाही हा पुनाप्पा सवड देत नाही.

गंमत अशी की पुनाप्पा आणि टिपरे आबा एकाच वेळचे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' 2001 मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. तिचं बीज प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या सदरात होतं. एका कुटुंबाच्या रोजनिशीतून पाहिलेला साधा संसार. दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. राजन भिसे मुलगा, शुभांगी गोखले सून, विकास कदम आणि रेश्मा नाईक नातवंडं. मालिकेत कुणी कुणाला विष घालत नाही, कुणाचं दुसरं लग्न उघडकीला येत नाही. गॅस संपतो, पाहुणे येतात, नातू परीक्षेत गोंधळ घालतो. आबा पेपर वाचतात, मत देतात, कधी चुकतात आणि चुकले की अवघडून गप्प बसतात.

तेव्हा नटाचं वय 57. आबा सत्तरीपलीकडचे. वय वाढवण्याचा ढोबळ मार्ग म्हणजे खोकणं, थरथरणारे हात आणि कमरेत वाकणं. प्रभावळकरांनी आबांना ताठ ठेवलं. म्हातारपण दाखवलं ते उठताना लागणाऱ्या अर्ध्या क्षणाच्या उशिरात आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावर उत्तर देण्याआधी घेतलेल्या वेळात. त्यामुळे आबा कुणाचेही आजोबा होऊ शकले. अमेरिकेत, आखातात, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत ही मालिका आजही लावली जाते. आजोबांपासून दूर वाढणाऱ्या मुलांना ती ओळखीची वाटते, आणि त्यांच्या आईबापांना ती पाहताना घरची आठवण येते. साप्ताहिक मालिका होती म्हणून लेखनाला श्वास घ्यायला जागा होती, हेही विसरता कामा नये. रोजच्या भागाच्या घाण्यावर असे आबा तगले नसते.

मग गांधी. गांधी करणाऱ्या नटांची रांग मोठी आहे. ॲटनबरोंच्या 1982 च्या चित्रपटात बेन किंग्जले, 'सरदार'मध्ये अन्नू कपूर, श्याम बेनेगलांच्या 'द मेकिंग ऑफ द महात्मा'मध्ये रजित कपूर, 'हे राम'मध्ये नसीरुद्दीन शाह, जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मध्ये मोहन गोखले. हे सगळे गांधी इतिहासातले. 'लगे रहो'मधला गांधी इतिहासातला नाहीच. ग्रंथालयात तीन दिवस-रात्र पुस्तकं वाचून डोकं तापलेल्या मुन्ना या मुंबईच्या गुंडाला तो दिसतो. बाकी कुणाला दिसत नाही. पुढे चित्रपटात उघड होतं, की मुन्नाला जे ठाऊक नाही ते या बापूंनाही ठाऊक नाही.

नटासाठी ही अडचण विलक्षण आहे. गांधी हुबेहूब केले तर ते मुन्नाच्या डोक्यातले वाटणार नाहीत. पुरेसे गांधी नसले तर विटंबना वाटेल. प्रभावळकरांनी चाल, चष्म्याआडची नजर आणि वाक्याच्या शेवटी येणारं मिश्कील हसू एवढंच धरलं, आणि बाकी सगळं हलकं केलं. हा बापू उपदेश करत नाही. तो मुन्नाचं ऐकतो, थोडं थांबतो, मग एक साधी गोष्ट सुचवतो. कृश माणूस धिप्पाड संजय दत्तच्या शेजारी बसतो आणि चौकटीतलं वजन त्याच्या बाजूला झुकतं. पुढे काही महिने देशभर लोक चित्रपटाचं पाहून भ्रष्ट अधिकाऱ्यांना फुलं देत होते, त्याचं श्रेय पटकथेला आहेच. पण बापू थोडासा जरी खोटा निघाला असता, तर ती फुलं थिएटरातच सुकली असती.

हिंदीने त्यांना त्यानंतर काय दिलं? 2008 चा 'सरकार राज', त्यातले राव साहेब, आणखी काही कामं. इतक्या मोठ्या नटाला हिंदी पडद्याने फार कमी वापरलं, असं माझं स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय पुरस्कारानंतर दारात तसलेच ऋषितुल्य वृद्ध येतात, आणि ते करायचे नसतील तर हात रिकामे राहतात.

मराठीत मात्र नवे दिग्दर्शक आले. उमेश कुलकर्णींच्या 'देऊळ'मध्ये (2011) ते अण्णा होते. गावात दवाखाना व्हावा म्हणून आराखडा घेऊन बसलेला, विचार करणारा माणूस. गावाला देव सापडतो, बाजार भरतो, आणि अण्णांचा कागद बाजूला पडतो. नाना पाटेकरांच्या भाऊंशी अण्णांचं नातं जुन्या मैत्रीचं, म्हणून मतभेद मोठ्या आवाजात होत नाहीत. आणि आवाज न चढवता हरलेला माणूस अण्णांमध्ये दिसतो. या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

2013 च्या 'नारबाची वाडी'त हाच नट एकदम दुसऱ्या जिवंतपणाने आला. आदित्य सरपोतदारांचा हा चित्रपट मनोज मित्र यांच्या 'साजानो बागान' या बंगाली नाटकावरून केलेला. त्यावर तपन सिन्हांनी 1980 मध्ये 'बांछारामेर बागान' केला होता आणि त्यातला म्हातारा स्वतः मनोज मित्रांनी रंगवला होता. कोकणात आल्यावर बांछारामचा नारोबा झाला. वाडीवर डोळा असलेला खोत करार करतो: नारोबा जिवंत आहे तोवर दरमहा पैसे, तो मेला की वाडी खोताची. पैसे मिळू लागतात, पोटात अन्न पडतं आणि मरायला टेकलेला नारोबा टुणटुणीत होतो. मरत नाही! समोर मनोज जोशींचा खोत दिवसेंदिवस झिजत जातो. प्रभावळकरांनी या म्हाताऱ्यात लबाडी आणि निरागसपणा असा मिसळला आहे, की नारोबा मुद्दाम जगतोय की सहज, हे शेवटपर्यंत कळत नाही.

'आरण्यक' पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा मूळ प्रयोगाला चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. धृतराष्ट्र तेच, रवी पटवर्धन, ऐंशी ओलांडलेले. विदुर तोच. तरुणपणी या दोघांनी वार्धक्य रंगभूषेने आणलं होतं. आता ते अंगातच होतं, आणि अडचण बदलली होती. लांबलचक, जड शब्दांची वाक्यं पाठ ठेवायची, प्रयोगाच्या शेवटापर्यंत दम पुरवायचा. पटवर्धन 2020 मध्ये गेले. त्याच वर्षी मतकरीही गेले. त्या पुनरागमनाचे प्रयोग ज्यांनी पाहिले, त्यांना मराठी रंगभूमीवरची एक दुर्मीळ गोष्ट पाहायला मिळाली.

12 सप्टेंबर 2025 रोजी सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' प्रदर्शित झाला. प्रभावळकर तेव्हा 81 वर्षांचे. भूमिका बाबुली मेस्त्रीची, नजर अधू होत चाललेल्या दशावतारी कलावंताची. मुलाला वाटतं बाबाने आता थांबावं, आणि बाबाला पुढच्या जत्रेची बारी दिसत असते. तळकोकणात दशावतारी नटाबद्दल 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं म्हणतात. संहिता लिहिलेली नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे असतात, स्त्रीपार्ट पुरुषच करतात, आणि पेटारा उघडून आरशासमोर बसून जो तो आपला रंग आपणच लावतो. ज्या नटाने जन्मभर रंगभूषेच्या खुर्चीत तासन् तास काढले, त्याला या वयात स्वतःचं तोंड रंगवणाऱ्या नटाची भूमिका मिळाली. इथे त्याला एकापाठोपाठ एक अवतार धारण करायचे होते, तेही जंगलात, रात्रीच्या चित्रीकरणात, जड वेशभूषेत, मालवणी बोलत. ज्यांनी त्यांना फक्त टिपरे आबा म्हणून पाहिलं होतं, ती मुलं आता आपल्या मुलांना घेऊन थिएटरात गेली. कलाकारांच्या यादीत अभिनय बेर्डे हे नावही होतं. तात्या विंचूने ज्यांना पडद्यावर हैराण केलं होतं, त्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचे ते चिरंजीव.